इन्शिराह खाला सिनेमा सांगते

आमच्या सुएझच्या गल्लीत इन्शिराह खालाचा आवाज आधी पोचतो आणि ती मागून येते. तिचा नवरा वहदान मात्र मोजकं बोलणारा. त्र्याहत्तरच्या रमजानमध्ये आपल्या इजिप्तच्या फौजेनं भर दुपारी अचानक कालवा ओलांडून पलीकडच्या इस्रायली ठाण्यांवर हल्ला केला, तेव्हा तो पहिल्या होड्यांमध्ये होता. पलीकडच्या काठावर चढला आणि थोड्याच वेळात स्फोटात त्याचे डोळे गेले. खालाशी त्याचा साखरपुडा आधीच झालेला. तिच्या बापानं अंगठी परत करायचा विषय काढला, तर ती म्हणाली, "डोळे त्याचे गेलेत, माझे आहेत की."

लग्नाला बरीच वर्षं झाली, तरी त्या दुपारबद्दल वहदाननं घरात अवाक्षर काढलं नव्हतं. कारखान्यात वेताच्या खुर्च्या विणायच्या, घरी येऊन रेडिओ लावायचा, बस. मग एका निवृत्त अधिकाऱ्यानं त्या हल्ल्यावर लिहिलेलं जाडजूड पुस्तक खालानं आणलं. तिची शाळा लवकर सुटलेली. अक्षराला अक्षर लावत ती वाचायची, तो ऐकायचा. कुठली तुकडी कुठून निघाली, पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांनी वाळूचा बांध कसा फोडला, शत्रू कसा बेसावध सापडला, सगळं त्यात होतं. पुस्तक संपल्यावर तो एवढंच म्हणाला, "चांगलं लिहिलंय."

खाला मला म्हणाली, "मी घसा कोरडा केला, आणि हा मास्तरासारखा शेरा देतोय."

त्याच हिवाळ्यात त्याच हल्ल्यावरचा सिनेमा गावात लागला. खालानं वहदानला चल म्हटलं.

"मी काय बघणार तिथं?"

"तू ऐक. बघायचं काम माझं."

मीही सोबत गेले. खाला त्याच्या कानाशी कुजबुजत होती, म्हणजे अर्ध्या थिएटरला ऐकू जात होतं. मागचा माणूस वैतागून दुसरीकडे जाऊन बसला. पडद्यावर होड्या सुटल्या, ढोल वाजू लागले, सगळे जवान एका सुरात गर्जना करायला लागले. आणि वहदान खो खो हसत सुटला. लोक माना वळवून बघायला लागले. खालानं शरमेनं त्याचा हात दाबला, पण त्याचं हसू थांबेना.

बाहेर गाड्यावर आम्ही डाळ-भात-मॅकरोनीची कुशरी घेतली. खालानं विचारलं, "हसण्यासारखं काय होतं त्यात?"

"आमची होडी गोल गोल फिरत होती," वहदान म्हणाला. "उजव्या बाजूला सगळे धट्टेकट्टे, डावीकडे आम्ही काटकुळे. हवालदार बदावी ओरडत होता, लग्नाची वरात आहे का रे ही, नीट वल्हवा. तोंडात थुंकी नव्हती, त्यात रोजा. पुस्तकात आमची होडी सरळ गेली. सिनेमात गात गेली."

खालानं चमचा खाली ठेवला. तो पुढे बोलत राहिला. बांधावर चढल्यावर त्याला पहिल्यांदा दिसले ते दोरीवर वाळत घातलेले कपडे. अजून पाणी ठिबकत होतं. कुणीतरी नुकतेच धुऊन टाकले होते. "त्यांचाही तो रोजच्यासारखाच दिवस होता," तो म्हणाला. "माझ्या डोळ्यांनी शेवटचं नीट पाहिलेलं ते."

मग खालानं विचारलं, "मग खरं कोण? पुस्तक की सिनेमा?"

"पुस्तकात चुकीचं काही नाही, पण कुणी घाबरत नाही. सिनेमात घाबरतात, पण सगळे देखणे. निदान तू तरी तसं सांगितलंस. तो मुख्य नट खरंच एवढा देखणा आहे?"

"तुझ्यापेक्षा जरा कमी," खाला म्हणाली. तो पुन्हा हसला.

त्या दिवसापासून त्याची जीभ मोकळी झाली. बदावीबद्दल, होडीतल्या पोरांबद्दल, कोण वाचलं, कोण नाही, हळूहळू सगळं बाहेर आलं. कधी बोलता बोलता रडायचा, पण बोलायचा. शिवाय दर गुरुवारी सिनेमाला चल म्हणून तोच मागे लागायला लागला. मग कारखान्यातले त्याचे दोन आंधळे सोबती, शहाता आणि रमसीस, तेही यायला लागले. थिएटरवाल्यानं कटकट नको म्हणून त्यांना भिंतीजवळची रांग दिली. खाला मधोमध बसते, बोलून घसा बसू नये म्हणून खिशात लवंगा ठेवते.

परवाच्या सिनेमात नायक-नायिका पावसात एकमेकांच्या फार जवळ आले, आणि खाला एकदम गप्प झाली.

"वहिनी, काय चाललंय?" शहातानं विचारलं.

"काही नाही. पाऊस पडतोय."

"एवढा वेळ?"

"जोराचा आहे," खाला म्हणाली आणि तोंडात लवंग टाकली.