माइकचोर

बिनतारी संचांच्या दुरुस्तीखात्यात सगळे त्याला माइकचोर म्हणत, आणि तोही बिनदिक्कत ओ देई. संच टेबलावर आला की हा आधी माइक उपटून खिशात घाली, मगच मोजणीच्या यंत्राची तार जोडी. संच ऐकतो कसा हे तपासताना माइकचं बटण दाबलं गेलं, तर संच बोलायला लागतो आणि त्याची सगळी ताकद त्या नाजूक यंत्रात घुसते. धूर नाही, आवाज नाही. यंत्र बसल्या जागी आंधळं.

धुवायच्या शर्टात माइक सापडला की बायको म्हणे, "लोकांच्या खिशात पेन असतं. तुमचा खिसा एक दिवस बोलायला लागेल."

तो हसत नसे. त्याला मधूनच ऐकू येई : टक.

बावीस वर्षांपूर्वी त्याला काम शिकवणाऱ्या वस्तादांनी एक संच तपासायला यंत्राला जोडला होता, माइक काढून टेबलावर ठेवला होता, आणि ते फोन घ्यायला गेले होते. याला चहाचा कप ठेवायला जागा हवी होती. याने माइक परत संचाला लावून बाजूला टांगला. कपाकडे हात नेताना कोपर माइकच्या बटणाला लागलं. टक.

वस्ताद परत आले, लोंबता माइक बघितला. "मीच काढायला विसरलो म्हणायचं," म्हणाले. याच्या तोंडून ब्र निघाला नाही. वस्तादांची बढती गेली. मेलेलं यंत्र कपाटात गेलं, गळ्यात चिठ्ठी बांधून : निष्काळजीपणा, आणि खाली वस्तादांचं नाव.

आता वस्ताद नाहीत. त्यांची मुलगी खात्याची साहेब आहे. परवा तिने ते यंत्र काढलं.

"काका, हे भंगारात चाललंय. चिठ्ठीवर तुमची सही लागेल."

"मॅडम," तो म्हणाला, आणि मग खुर्ची ओढून बसलाच. "पोरी, तुझ्या बाबांनी माइक काढला होता. मी परत लावला."

तिने चिठ्ठी यंत्राच्या गळ्यातून सोडवून टेबलावर ठेवली.

"बाबा शेवटी शेवटी जेवताना घास हातात धरून थांबायचे. 'मी काढला होता ना?' विचारायचे. काय, ते आम्हाला कळायचं नाही. आई आपली 'हो हो' म्हणायची." तिने पेन पुढे सरकवलं. "नाव बदला."

त्याने बदललं.

दुसऱ्या दिवशी संच जोडताना पुन्हा ऐकू आलं : टक. त्याने खिसा चाचपला. माइक तिथेच होता.

"काढला होता, वस्ताद," तो रिकाम्या खुर्चीला म्हणाला. "तुम्ही काढला होता."