चालत्या मशीनची पूजा

आमच्या नावड्याला लाइट जाते ती कधी सांगून जात नाही. पंखा मंदावतो, फ्रीज एक उचकी देऊन गप्प होतो आणि समोरच्या बिल्डिंगमधून कोणीतरी ओरडतं, "तुमची पण गेली का हो?" पूर्वी मी गॅलरीत जाऊन या प्रश्नाला उत्तर द्यायचे, वर चार गप्पाही हाणायचे. लेकीने घरात तो भलामोठा कॉम्प्युटर आणून बसवला आणि माझं तेवढं सुखही गेलं. आता लाइट गेली की मी आधी कॉम्प्युटरच्या खोलीत धावते.

लेक ॲनिमेशन शिकलेली. शिकून दोन वर्षं होत आली तरी धड काम मिळत नव्हतं. माझ्या भावाने बेलापूरच्या एका ऑफिसात तिच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता, फॉर्म तपासायचं काम. "नवरात्र होऊ दे मामा, मग सांगते," असं म्हणून तिने त्याला थोपवलं होतं, कारण एका स्टुडिओने तिला परीक्षा म्हणून छोटी फिल्म करायला दिली होती. आवडली तर नोकरी. नाही तर मामाचं टेबल. फिल्म पाठवायची मुदत नेमकी खंडेनवमीची, संध्याकाळी सहापर्यंत.

फिल्म होती एका बगळ्याची. खाडीच्या चिखलात तो एका पायावर उभा असतो आणि आपला दुसरा पाय हरवलाय असं वाटून सगळीकडे शोधत, उड्या मारत फिरतो. शेवटी दमतो आणि पोटाशी दुमडलेला पाय आपोआप खाली येतो. बस, एवढंच. पण मी कच्चं काम पाहिलं तेव्हा मला हसूही आलं आणि मी तिला ते परत एकदा लावायला सांगितलं.

आता हा बगळा तिचा काढून झाला होता, पण कॉम्प्युटरला तो एकेक चित्र करून पक्का करायला लागतो. त्याला ती रेंडर म्हणते. चार दिवस ते मशीन घूं घूं करत होतं, जवळ गेलं तर इस्त्रीसारखी धग. मध्येच लाइट गेली तर काम तुटतं, कधी फाइलच खराब होते, म्हणून टेबलाखाली यूपीएस ठेवलेला. आत बॅटरी असलेला काळा डबा. लाइट गेली की तो टूं टूं ओरडायला लागतो आणि अर्धा तास मशीन ओढून नेतो. मी चार दिवस देव पाण्यात घालून बसले होते. मिक्सर लावायचा तरी लेकीला विचारून. शेवटी पाट्यावर चटणी वाटली, काय करता!

आणि त्यात आमच्या ह्यांची खंडेनवमी.

हे तळोज्याच्या एका कारखान्यात फिटर होते. तिथे खंडेनवमीला सगळी मशीनं पुसून लख्ख करायची, झेंडूचे हार घालायचे, आणि आरती म्हणायचा मान ह्यांचा. आवाज खणखणीत. आम्ही बायका-पोरं पेढे खायला जायचो. कारखाना बंद पडला, हे सीवूड्सच्या एका सोसायटीचं ऑफिस सांभाळायला लागले. म्हणजे दिवसभर टँकर आणि लिफ्टच्या तक्रारी. खंडेनवमीला पूजेला उरली स्कूटर. तिला हार घालायचे, पण आरती कधी म्हटली नाही. "स्कूटरपुढे काय आरती म्हणायची," म्हणायचे.

त्या वर्षी आदल्या दिवशी जरा लाजतच त्यांनी लेकीला विचारलं, "तुझं मशीन पूजेला घेऊ का गं?"

"घ्या ना बाबा. फक्त बंद करायचं नाही. काही झालं तरी नाही."

सकाळी लेक त्याच खोलीत, रात्रभर जागून, भिंतीकडे तोंड करून झोपली होती. ह्यांनी अंघोळ करून सोवळ्यासारखी पांढरी बनियन घातली, टेबल पुसलं, हार घातला, हळदकुंकू लावलं आणि घंटा वाजवत आरती सुरू केली. मी स्वयंपाकघरात पुऱ्या तळत होते. इतक्या वर्षांनी तो आवाज घरात घुमला आणि माझ्या हातातला झारा तसाच राहिला. सगळी आरती त्यांनी म्हटली, एक कडवं गाळलं नाही.

घंटा थांबली, हे उरलेली फुलं घेऊन स्कूटरकडे खाली गेले, आणि मला टूं टूं ऐकू आलं. मी धावत खोलीत आले. लाइट गेली म्हणावं तर पंखा गरागरा फिरतोय, बल्ब चालू! यूपीएस बिघडला की काय? पोरीला उठवू की नको? खाली वाकून बघते तर हाराआड भिंतीवरचं बटण बंद, आणि त्यावर कुंकवाचं बोट. पटकन चालू केलं. आवाज थांबला. लेक तशीच पडलेली.

मी जिन्यातच ह्यांना गाठलं. "अहो, भिंतीवरचं बटण बंद केलंत? अक्कल गहाण ठेवली होती का?"

"चालत्या मशीनला ओल्या हाताने कुंकू लावत नाहीत," ते म्हणाले. "कधीच नाही लावलं. आणि मी मशीन कुठे बंद केलं? त्याला बॅटरी आहे ना!"

"ती बॅटरी संपते हो! परत भरायला दिवस जातो!"

त्यांचा चेहरा उतरला. "मी विसरलो गं परत लावायला. तिला सांगू नकोस. टेन्शन घेईल."

दुपारी जेवणं झाली आणि तेच झालं ज्याची धास्ती होती. लाइट गेली. लेक उडी मारून खुर्चीत बसली. शेवटचा सीन, पाय खाली येतो तो, अर्धा व्हायचा होता. तिने स्क्रीन बंद केला, तेवढीच बॅटरी वाचेल म्हणून. मग आम्हाला काही दिसेना. काळोख्या स्क्रीनसमोर तिघं नुसते बसलो, मशीनच्या पंख्याचा आवाज ऐकत. हे सारखे यूपीएसचे हिरवे दिवे बघत होते. सकाळी किती बॅटरी खाल्ली गेली होती त्याचा हिशेब त्यांच्या कपाळावर घामासारखा दिसत होता. मी मनात सगळ्या देवांना नवस बोलले, एकवीरेला तर दोनदा.

दिवा लाल झाला. इतक्या लवकर! लेकीने स्क्रीन लावला, बघितलं, ओठ दाबले. "नाही होणार," म्हणाली. मोबाइलचं नेट जोडलं, शेवटचा सीन कापला आणि उरलेली फिल्म पाठवून दिली. गेल्याची खूण आली आणि मशीन ठप्प झालं. लाइट आली तेव्हा संध्याकाळची दिवेलागण होऊन गेली होती.

दिवाळीच्या आधी स्टुडिओचं उत्तर आलं. बगळा सुंदर आहे, पण शेवट कळला नाही. सध्या जागा देता येत नाही.

जेवताना तिने ते सांगितलं, साधं, भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं. ह्यांनी हातातला घास परत ताटात ठेवला. मी डोळ्यांनी दटावलं तरी ते बोललेच. "पोरी, त्या दिवशी सकाळी भिंतीवरचं बटण मी बंद केलं होतं. पूजेला. बॅटरी तिथेच संपली. तुझी नोकरी मी घालवली."

"माहितीये बाबा," ती म्हणाली. "मी जागी होते."

"जागी होतीस? मग उठली का नाहीस?" मी जवळजवळ किंचाळले. "एक बटण तर दाबायचं होतं!"

"त्यांना बाजूला सारून घंटा थांबवावी लागली असती," ती म्हणाली. "बाबा आरती म्हणत होते, आई. कारखाना गेल्यापासून पहिल्यांदा."

मी दोघांवरही ओरडले. "जळ्ळं मेलं तुम्हा बापलेकीचं," म्हटलं, आणि भाकरी वाढायच्या निमित्ताने आत जाऊन ओट्याला धरून रडले.