फलकावरची आमची नाली

आमदारांनी कुठल्या कामांसाठी निधी मागितला, त्याचा कागद दर वर्षी देवासच्या कचेरीत फलकावर चिकटवायचं काम तिथल्या एका शिपायाकडे होतं. जुना कागद तो कधीच काढत नसे. खळ लावून नवा त्याच्यावरच थापायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायचा, “देख लो भिया, सब खुला है.”

एकदा मी चिडून विचारलं, “आमच्या कॉलनीची नाली कुठंय?”

त्याने बोट ठेवून दाखवली. मी खूश झालो. मग इकडेतिकडे बघत त्याने कागदाचा तो कोपरा ओला करून नखाने उचलला. खालच्या, गेल्या वर्षीच्या कागदावरही तीच नाली होती. त्याच्याही खाली तीच.

त्याने सगळं पुन्हा नीट दाबून बसवलं आणि हसून मला सुपारी दिली. मी “थँक्यू” म्हणालो. कशाबद्दल, ते अजून कळत नाही.