बसतो म्हणजे चालतो असं नाही

माझ्या बाबांना दुकानात ‘चालणार नाही’ म्हणतात. तोंडावर नाही, पण पाठ फिरली की सर्रास. गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात, इंजिन ऑइल आणि फिल्टरच्या काउंटरवर ते इतकी वर्षं उभे आहेत की तिथली फरशीसुद्धा झिजली आहे. गिऱ्हाईक डबा उचलतं आणि विचारतं, “हे चालेल का?” बाबा उलट विचारतात, गाडी कुठली, किती जुनी, घाटात जाते का, गाडीसोबत आलेल्या पुस्तकात कुठलं ऑइल लिहिलंय. पुस्तक अर्थातच कोणी उघडलेलं नसतं. “अहो, सगळ्यात महाग असेल ते द्या ना,” निम्मी माणसं वैतागून म्हणतात. मग बाबा डबा परत फळीवर ठेवतात. “महाग आहे, पण तुमच्या गाडीचं नाही. चालणार नाही.”

फिल्टर तर त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. मला दोन फिल्टर दाखवले तर ते जुळे भाऊ वाटतात. आटे तेच, उंची तीच. बाबा म्हणतात, आतली रबरी झडप बघ. गाडी बंद असताना ती फिल्टरमधलं ऑइल खाली उतरू देत नाही. ती नसली तर रोज सकाळी इंजिन थोडा वेळ कोरडंच फिरतं. त्या दिवशी काही कळत नाही. झिजता झिजता एक दिवस इंजिन हात टेकतं. “बसतो म्हणजे चालतो असं नाही,” हे वाक्य त्यांनी घरीही इतकं वापरलंय की माझ्या चपला, माझी पहिली नोकरी आणि मला आलेलं एक स्थळ, सगळं त्यात निकाली निघालं. मला त्याचा मनस्वी वैताग येतो. स्थळाच्या बाबतीत ते बरोबर होते, पण हे मी त्यांना कधी सांगणार नाही.

यंदा आई न्हाणीघरात पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून ती पलंगावर आहे. दिवसा शेजारच्या मावशी बघतात, नोकरीवरून आल्यावर स्वयंपाक माझा, आणि रात्रीचं सगळं बाबांकडे. तिला कुशीवर वळवायचं, भांडं द्यायचं, पाठीला पावडर लावायची. आपण आलटूनपालटून करू म्हटलं तर उत्तर ठरलेलं, “चालणार नाही. तुला उठवायचं तिच्या जिवावर येतं.” त्यातच दुकानातला दुसरा विक्रेता सोडून गेला आणि मालक नुसतं ‘बघू, बघू’ करत बसला. बाबा दिवसभर उभे, रात्रभर अर्धे जागे. कसे आहात विचारलं तर म्हणायचे, “मला काय धाड भरलीय?”

त्या संध्याकाळी मी त्यांना घ्यायला दुकानात गेले तेव्हा मामा काउंटरशी उभा होता. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. भाड्याने गाडी चालवतो. गाडी जुनी, आणि सगळं घर तिच्या जिवावर. दुसऱ्या दिवशी पहाटे प्रवासी घेऊन त्याला लांब घाटात जायचं होतं. ऑइल मिळालं, पण त्याच्या गाडीचा फिल्टर संपलेला. मामाने शेजारच्या खणातला एक काढला.

“दाजी, आटे तर तेच दिसतायत. चालेल का?”

बाबांनी फिल्टर हातात घेतला. आत डोकावले नाहीत.

“चालेल,” म्हणाले.

मामा जरासा थांबला, त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि पिशवी घेऊन गेला. मी स्कूटरची किल्ली शोधत होते.

जेवताना बाबांनी घास उचलला आणि परत ताटात ठेवला.

“मी त्याला चालेल म्हणालो.”

“कुणाला?” आईने पलंगावरून विचारलं.

“तुझ्या भावाला. त्यात झडपच नाही.” त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. “इंजिन गेलं तर त्याच्या घरची चूल विझेल. आणि ती मी...”

मामा फोन उचलेना. बाबा खरकट्या हाताने चपला शोधायला लागले. “अहो, जेवून तरी जा,” आई म्हणाली. “चालणार नाही,” बाबा म्हणाले, आणि त्याही परिस्थितीत मला हसू आलं. आईजवळ बसायला मावशींना हाक मारून मी स्कूटर काढली.

वाटभर ते मागे बसून पुटपुटत होते. “जुनाच राहू दे म्हणायचं होतं. ही एक खेप जुन्याने सहज निघाली असती. एवढंच सांगायचं होतं गं.” एका सिग्नलला त्यांचं कपाळ माझ्या पाठीवर टेकलं. मला वाटलं, रडतायत. ते झोपले होते. मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त कीव आली.

मामाची गाडी घरासमोर उभी होती. तो पायरीवर बसून बूट चढवत होता.

“काढ तो फिल्टर,” बाबा उतरायच्या आधीच म्हणाले. “माझं चुकलं.”

“बसवलाच नाही, दाजी.”

“का?”

“तुम्ही चालेल म्हणालात म्हणून.” मामाने बुटाची नाडी तशीच सोडली. “ताईचं लग्न झाल्यापासून तुमच्या तोंडून हा शब्द ऐकला नव्हता. म्हटलं, गाडीचं राहू दे, दाजींचं काहीतरी बिनसलंय. तुमच्याकडेच निघालो होतो. फोन आत चार्जिंगला आहे. काय होतंय तुम्हाला?”

फिल्टरचा खोका गाडीच्या टपावरच होता. बाबांनी फिल्टर बाहेर काढला, दिव्याकडे धरला आणि आत बघत राहिले. आता ते धाडीचं ऐकवणार, असं मला वाटलं.

“थकलोय रे,” ते म्हणाले, आणि पायरीवर बसले.

मामाने सरकून त्यांना जागा दिली. मग म्हणाला, “ही खेप जुन्या फिल्टरवर करतो. परत आलो की माझी बायको आणि मी तुमच्याकडे राहायला येतो. रात्री ताईचं ती बघेल. तुम्ही नुसतं झोपायचं. चालेल?”

बाबांनी फिल्टर खोक्यात ठेवला. मग मामाच्या चेहऱ्याकडे नीट, बराच वेळ पाहिलं.

“चालेल,” म्हणाले.