ऑर्गनच्या पोटातले माठ

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. असल्या गप्पा रंगल्या की मी भांडी घासायला उठते. पण गेलं वर्षभर एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये... म्हणून इथे लिहितेय.

सोलापुरात आमच्या चर्चमध्ये जुना पाइप ऑर्गन आहे, मिशनरी साहेबांच्या काळातला. पप्पा तो वाजवायचे आणि सांभाळायचेही. इथला उन्हाळा त्याला सोसत नाही – लाकडी पाइप तडकतात, भात्याचं चामडं फाटतं. म्हणून मार्च लागला की पप्पा मागचं छोटं दार उघडून आतले दोन माठ पाण्याने भरायचे, हवेत ओल राहावी म्हणून. पाण्यात कडुनिंबाची डहाळी, डास होऊ नयेत म्हणून. मी मदतीला गेले की एकच उत्तर, "राहू दे, तुला जमायचं न्हाय." वाजवायला शिकवलं, पण माठाला हात लावू दिला नाही. याचा मला अजून राग आहे.

गेल्या वर्षी जानेवारीत पप्पा गेले. त्या दाराचं गंजलेलं कुलूप मी बदललं, सगळ्या किल्ल्या माझ्याच पर्समध्ये. चर्चच्या कमिटीने बजावलं होतं, आता एक जरी पाइप तडकला तर हे धूड काढून कीबोर्ड आणायचा. मी म्हटलं, बघते मी. आणि मुलीचं बाळंतपण अचानक आलं, मी करमाळ्याला गेले ती ऐन उन्हाळ्यात तिकडेच अडकले. माठ भरायचेच राहून गेले होते. परतीच्या एसटीत ते आठवलं.

भर दुपारी थेट चर्च गाठलं. झाडलोट करणाऱ्या सुशीलामावशी सोबत आल्या. दार उघडलं – दोन्ही माठ काठोकाठ. पाण्यात डहाळी, हिरवीगार.

"मावशी, हे कुणी केलं?" माझा आवाज चढला होता.

"किल्ली तुमच्यापाशीच की, ताई. मी कुटनं भरू?"

सगळे सूर वाजवून पाहिले. एकही पाइप तडकला नव्हता. पुढे जूनपर्यंत रोज जात होते, माठ भरलेलेच. मला तांब्याभर पाणीसुद्धा ओतावं लागलं नाही. भीती वाटायला हवी होती, मला संताप आला. मेल्यावरही विश्वास नाही का हो माझ्यावर... असं त्या ऑर्गनला मी खरंच विचारलं. मावशी गुपचूप बाहेर गेल्या.

यंदा मार्च लागताच दार उघडलं. माठ कोरडे. तळाशी वाळलेली काडी.

"औंदा कोण न्हाय आलं व्हय?" मावशी हळूच म्हणाल्या.

मी तिथेच फरशीवर बसले. पप्पा गेले तेव्हाही आलं नव्हतं एवढं रडू आलं. मग उठले, माठ घासून भरले, मागच्या झाडाची डहाळी तोडून पाण्यात टाकली.

कुणी काहीही सांगो, मला याचा उलगडा झालेला नाही. दुपार झाली की घरात पाय ठरत नाही. जाऊन दार उघडते, आधी माठात डोकावते. पाणी रोज थोडं उतरलेलं असतं. मी भरते.