शेजारणीला इचारा

ईटच्या हरणाबाईंनी लई सोयरिकी जुळवल्या, पण पोराच्या आईच्या शब्दावर एकही नाही. त्या आधी शेजारीण गाठायच्या.

परवा मोबाइलवर व्हिडिओ फिरला: येरमाळ्याचा बिबट्या ईटकडं निघालाय! ज्वारीची काढणी थांबली, गाव दारं लावून बसलं.

"व्हिडिओ म्हंजे पोराची आई! शेजारीण काय म्हनती ते बघू," म्हणत हरणाबाईंनी येरमाळ्याच्या भावजयीला फोन लावला.

भावजय घाबरून म्हणाली, "वन्सं, तुमच्या ईटचा बिबट्या इकडं निघालाय म्हनं! व्हिडिओ आलाय. आमी दारं लावून बसलोय."

हरणाबाईंनी विळा उचलला अन् गल्लीत येऊन गरजल्या, "उघडा दारं! तिकडं समदे आपल्याच बिबट्याला भ्यालेत!"

हसत हसत अख्खं गाव त्यांच्यामागं ज्वारीत उतरलं.