उधळलेल्या बैलाचा तपास

आमच्या घरी दही लावायची वेळ झाली की मला ती घटना हमखास आठवते. दह्याचा आणि पोलीस तपासाचा काय संबंध, असे सूनबाईंनीही एकदा विचारले होते. त्यांना सांगितले तेच इथे लिहितो. नावे मात्र कोणाचीच देणार नाही.

तेव्हा मी शहापूर तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो आणि निवृत्तीला फार काळ उरला नव्हता. एका सकाळी ठाणे अंमलदाराने फसवणुकीचा अर्ज माझ्यापुढे ठेवला. अर्जदार खर्डीकडचे चार-पाच जण होते. त्यांच्याच गावातला एक इंजिनिअर इंटरनेटवरून लोकवर्गणी गोळा करत होता आणि ती त्याने खाल्ली, असा आरोप होता. वर्गणी कशासाठी, असे विचारले तर म्हणाले, "एक जुना व्हिडिओ गेम परत चालू करायला." मी चष्मा काढून पुसला. तीस वर्षांच्या नोकरीत देवळाची वर्गणी पाहिली, क्रिकेटच्या चषकाची पाहिली. ही नवीनच होती.

इंजिनिअरला बोलावले. चाळिशीचा, मुंबईला नोकरी करणारा सरळ माणूस. त्याने सांगितले ते असे. मुरबाडला रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा एक मिस्त्री होता. त्याने जुन्या संगणकाचे भाग जोडून स्वतः एक खेळ बनवला होता, नाव 'उधळला बैल'. जत्रेत बैल उधळला आहे. मिठाईची आणि घोंगड्यांची दुकाने न पाडता त्याला बाहेर काढायचे. लाकडी कपाटात टीव्ही बसवलेले ते मशीन दरवर्षी म्हसा गावच्या जत्रेत तंबूत लागायचे. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतली एक अख्खी पिढी त्या बैलामागे धावली होती. आता कोणी दुबईत, कोणी सुरतेत, कोणी पुण्यात. मिस्त्री वारला. तो खेळ मोबाइलवर जिवंत करू या, असे इंजिनिअरने आवाहन केले आणि भराभर वर्गणी जमली. क्राउडफंडिंग म्हणतात म्हणे त्याला.

मिस्त्रीच्या पत्नीने मशीन विश्वासाने त्याच्या हवाली केले होते. शहापूरच्या बाजारातल्या एका बंद गाळ्यात ते ठेवले होते. खेळ मोबाइलवर उतरवणारे लोक पुण्याचे. तिकडे न्यायच्या आधीच ते गाळ्यातून गायब झाले. खेळ त्या मशीनमध्येच होता, दुसरी प्रत कुठेच नव्हती.

"विकलं असेल यानेच," अर्जदारांचे म्हणणे.

बँक खाते मागवून पाहिले, ते स्वच्छ होते. पण गावाला बँकेचा कागद कोण दाखवणार? इंजिनिअरचे वडील वर्षानुवर्षे गावदेवीच्या उत्सवाची वर्गणी सांभाळत आलेले. त्या म्हाताऱ्याने देवळाच्या पारावर बसणे सोडले होते. इंजिनिअर माझ्यासमोर एवढेच म्हणाला, "साहेब, मशीन मिळालं नाही तर खेळ गेला, ते मी सोसेन. पण वडील पुन्हा पारावर बसणार नाहीत." हे वाक्य माझ्या मनात रुतून बसले.

गाळ्याची पाहणी केली. शटर शाबूत, कुलूप शाबूत. कुलूप तुटलेले नसले की चोर बाहेर शोधायचा नसतो, हे पोलीस खात्याच्या बाराखडीतले पहिले अक्षर. किल्ल्या दोन. एक इंजिनिअरकडे, दुसरी गाळा झाडायला ठेवलेल्या एका म्हाताऱ्याकडे. हा बाबा मिस्त्रीचा जत्रेतला जोडीदार. तंबू ठोकायचा, पोरांच्या रांगा लावायचा. राहायचा भातसानगरच्या पलीकडच्या एका पाड्यावर.

त्याच्याकडे माणूस पाठवणार, तोच भातसानगरच्या धरण वसाहतीतून एका कर्मचाऱ्याचा फोन आला. "साहेब, मशीन हरवल्याचं ऐकलं. काल दुपारी पाड्याकडून घंटा ऐकू आली. बैलाची नाय, त्या खेळातल्या बैलाची. लहानपणी जत्रेत खेळलोय मी, झोपेतून उठवलं तरी वळखीन."

आमचे बीट हवालदार त्याच भागातले. टोपी चढवत म्हणाले, "साहेब, बैल हरवल्याच्या तक्रारी पुष्कळ लिहिल्या. टीव्हीतला बैल हाच पयला!"

पंच घेऊन आम्ही पाड्यावर गेलो. घरात मशीन नव्हते. मागच्या खोलीत शेणाने सारवलेल्या जमिनीवर कपाटाएवढा चौकोन तेवढा कोरा होता. बाबा भिंतीला टेकून उभा, चेहरा दगडाचा. मी दोघा नवरा-बायकोला ठाण्यात यायला सांगितले.

चौकशीला इंजिनिअरलाही बोलावले होते. बाबा काही केल्या बोलेना. चहा दिला, घेतला नाही. मशीन कुठे आहे, कोणाला दिले, किती मिळाले, सगळे विचारून झाले. खोटे बोलणारा माणूस गरजेपेक्षा जास्त बोलतो, हा माझा अनुभव आहे. जो असा गप्प बसतो त्याच्या पोटात बहुधा पैसा नसतो, राग असतो. पण कसला राग, ते समजेना.

काहीतरी बोलायचे म्हणून मी इंजिनिअरला म्हटले, "तो तुमचा खेळ असतो तरी कसा, दाखवा." त्याने आठवणीवरून मोबाइलवर एक कच्चा नमुना करून ठेवला होता. मोबाइल टेबलावर ठेवून त्याने बैल सोडला. बाबा तिरक्या नजरेने पाहू लागला. मिठाईचे दुकान मागे पडले, घोंगड्या मागे पडल्या, बैल विहिरीपाशी आला आणि नमुना अर्धवट असल्याने तिथेच अडकला. आणि बाबाने माझ्या टेबलावर तळहात असा आपटला की चहाचे पेले उडाले!

मी दचकलो. इंजिनिअर मात्र खो खो हसत सुटला. "साहेब, जुनं मशीनपण विहिरीपाशीच अडकायचं! काकांनी बाजूने थाप मारली की बैल पुढे!"

बाबाने स्वतःच्या हाताकडे पाहिले. त्यालाही हसू आले. हवालदार हसले, मीही हसलो. हसता हसता बाबाचे डोळे भरले आणि मग तो बोलू लागला.

"न्हेलं मीच. टेंपोत पेंढ्याखाली घालून न्हेलं. पेंढ्याचा टेंपो कोन अडवतो, साहेब? विकाया नाय न्हेलं. रोज दुपारी येकदा लावायचो, नायतर आत दमट होतं. मिस्त्रीनी सांगून ठेवलंय."

"मग नेलं कशाला, काका?" इंजिनिअरने विचारले. "मला सांगायचं तरी."

"तू म्हनलास, पुन्याला धाडतो. आमची जमीन धरनाखाली गेली तवाबी असंच म्हनले व्हते, तुमचंबी भलं व्हईल. पानी पाइपातून मुंबयला जातं आन उन्हाल्यात आमच्या पाड्यावर टँकर येतो. इथून गेलेलं काय परत आलंय, सांग ना! म्हनलं, ह्यो बैल तरी राहू दे."

त्या धरणाच्या बंदोबस्ताला मी कित्येकदा उभा राहिलो होतो. पाणी पाहिले होते, पाण्याखालचे काही मला दिसले नव्हते.

इंजिनिअर समजावू लागला. "काका, मशीन नाही नेणार कोणी, आतल्या खेळाची कॉपी करणार. डेटा काढून घेणार फक्त."

"काढून घेनार म्हंजे? मंग आत काय ऱ्हानार?"

"आत सगळं तसंच राहणार."

"काढल्यावर तसंच कसं ऱ्हाईल? मला येडा समजतोस कं रे?"

बिचारा इंजिनिअर घामाघूम झाला. जितके समजावावे तितका बाबा आक्रसत चालला. हाताशी आलेला तपास निसटतो की काय, असे मला वाटू लागले. तेवढ्यात इतका वेळ बाकाच्या टोकाला पदर सावरून बसलेल्या बाबाच्या बायकोने तोंड उघडले.

"अवो, इरजनासारखं म्हनतोय तो. शेजारीन इरजन न्हेते, तवा आपलं दही कमी होतं कं?"

बाबा तिच्याकडे बघत राहिला. मग इंजिनिअरकडे वळला. "तसंय?"

"तसंच आहे, काका! अगदी तसंच."

"मंग हे आदी का नाय बोललास?" बाबा त्याच्यावरच खेकसला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तपास लागल्याचं कळलं तवा हिच्या भावाकडं हलवलं, साहेब. भाताच्या कनगीमागं. चला, दावतो."

मशीन जसेच्या तसे मिळाले, वर धुतलेली गोधडी पांघरलेली. मिस्त्रीच्या पत्नीने आणि इंजिनिअरने 'वस्तू मिळाली, कोणाविरुद्ध तक्रार नाही' असे जबाब दिले. मी अर्जदारांना ठाण्यात बोलावले आणि मशीन, खाते, सगळे समोर ठेवले. त्यांनी माना खाली घातल्या आणि अर्ज दप्तरी दाखल झाला. परतताना त्यांच्यातला एक जण थेट इंजिनिअरच्या वडिलांकडे गेला आणि त्यांना हाताला धरून पारावर घेऊन आला. हे हवालदारांनी मला सांगितले, तेव्हा मला फार बरे वाटले.

मशीन पुण्याला गेलेच नाही. पुण्याचे लोक शहापूरला आले, आणि काम चालू असेपर्यंत बाबा स्टूल टाकून शेजारी बसून होता. खेळ मोबाइलवर आला. वर्गणीदारांनी एकच हट्ट धरला होता, की विहिरीपाशी बैल अडकलाच पाहिजे. अजून अडकतो. मोबाइलच्या पाठीवर थाप मारली की पुढे निघतो. मूळ मशीन बाबाकडेच आहे आणि म्हशाच्या जत्रेत लागते.

पोलीस म्हणून मी जन्मभर 'कोणी नेले' हा प्रश्न विचारत आलो. 'कशाच्या भीतीने नेले' हा प्रश्न बाबाने आणि त्याच्या बायकोने मला शिकवला, आणि उरलेल्या नोकरीत तो फार उपयोगी पडला. त्या वेळी मी नुसती कलमे चालवली असती, तर एक म्हातारा कोर्टाच्या पायऱ्या झिजवत बसला असता आणि एका बापाची मान कायमची खाली गेली असती. ते माझ्या हातून झाले नाही, याचे श्रेय माझे नाही. बाकाच्या टोकाला बसलेल्या त्या बाईचे आहे. तिचे उपकार मी विसरलेलो नाही.

निवृत्तीच्या दिवशी ती दोघे नवरा-बायको ठाण्यात आली. काकूंनी पिशवीतून झाकणाची एक छोटी वाटी काढून टेबलावर ठेवली. मी नेहमीप्रमाणे हात जोडले. "काकू, मी कोणाकडून काही घेत नाही."

"ठावं हाय," त्या म्हणाल्या. "पन ह्यात आमचं काय कमी झालंय, जे तुमी घेतलं म्हनाल?"

वाटीत विरजण होते. आमच्या घरी आजही त्याचेच दही लागते.